सात टाके

सोहार. रात्रीचे दोन वाजून दहा.
उत्तरेचा वारा परवापासून थांबलेला नाही,
इमर्जन्सीच्या काचेवर रेती
कुणी तांदूळ पाखडावेत तशी.

बेड चारवर इस्माईल होडेकर,
मूळ दाभोळ, हल्ली बंदरातल्या गेट सहावर पहारेकरी.
छातीत शिटी. बोटाला क्लिप : अठ्ठ्याऐंशी.
मास्क लावला, औषधाचं धुकं सुरू झालं,
आणि एक अख्खं वाक्य बोलण्याइतकी हवा मिळाली तेव्हा
त्याने ती यावर खर्च केली :
सिस्टर, हा धूर आत जाऊन करतो तरी काय?

एम.एस्सी. अर्धी टाकून आलेल्या बाईला
असं कुणी विचारू नये.
मी ईसीजीच्या कागदाच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
ही पेशीची कड. तेलाची, दोन पदरी.
पाण्यातून आलेला निरोप तेलापाशी अडतो.
म्हणून या कडेत एक प्रथिन शिवलेलं असतं,
वरून खाली, खालून वर, परत वरून खाली,
सात वेळा.

होडेकरने मास्क बाजूला सारला.
त्याचा बाप गलबतांची शिडं शिवायचा.
"सात म्हणजे विषम.
मग दोऱ्याचं एक टोक वर राहिलं, एक खाली."
तीन वर्षं मी ते चित्र परीक्षेत काढलं होतं.
टोकांकडे कधी पाहिलं नव्हतं.

मास्क लावा, मी म्हटलं.
औषधाचा कण सात टाक्यांमधल्या खळग्यात येऊन बसतो.
वर काही हललंसं वाटतही नाही,
पण खाली, आतल्या अंगाला, सहावा टाका बाहेर झुकतो.
तिथे टेकलेलं दुसरं प्रथिन दचकतं,
मुठीतला जुना रेणू टाकतं, नवा धरतं,
कडेकडेने जाऊन एका एन्झाइमला उठवतं,
आणि मग आत लहान लहान रेणूंचा एकच गलका.
नळीभोवतीचा स्नायू मूठ सोडतो.
कण मात्र वरच. खाली गेला तो नुसता अर्थ.

"गेटवर असंच. ट्रक बाहेर, चिठ्ठी आत."
हो, म्हटलं. मग म्हटलं, नाही.
इथे चिठ्ठीही नसते.
गेट स्वतःच वाकतं.

तो बराच वेळ कागद बघत होता.
"खालच्या टोकाला गाठ मारायची राहिली. उसवेल."
नाही मारत. त्या मोकळ्या शेपटीवरच खुणा लागतात.
दिवसातून किती वेळा ओढता पंप?
"वारा असला की वीस. मोजतो कोण?"
इतक्या हाका आल्या की शेपटीवर फॉस्फेट चढतात,
वर एक टोपण बसतं,
कड आत खचते, फुगा होतो,
आणि अख्खं प्रथिन पोटात घेतलं जातं.
काही परत वर येतात, काही आतच मोडीत निघतात.
हाक तीच. ऐकणारे कमी.

त्याचा फोन उशीखाली थरथरला. त्याने पाहिलं नाही.
"घरचे. उचलला तर शिटी ऐकतील."

अडीचला डॉक्टर महरूकींनी स्टेरॉइड लिहिलं.
याला खळगा लागत नाही, मी शिरेत देताना सांगितलं,
हा तेलातून सरळ पार होतो,
थेट केंद्रकात जाऊन बसतो
आणि सांगतो, नवी शिवा.
वेळ लागतो. तास लागतात.
"शिडाला आठवडा लागायचा," तो म्हणाला आणि झोपला.
मी बेड सातकडे गेले, तिथे एक पोर ओकत होतं.

सकाळी सहाला पंचाण्णव.
बताक्याच्या कव्हरात त्याने माझा कागद घडी करून घातला होता.
घालण्याआधी मी पाहिला :
खालच्या टोकाला, माझं न ऐकता,
निळ्या पेनाने एक गाठ.

दारात उभं राहून त्याने फोन लावला.
"हां गो, ड्युटीवरच होतो.
नाय, नाय. झोप झाली.
आवाज? रेतीचा आवाज तो."